फुलपाखरू आणि पतंग: फरकाच्या तक्त्याची गोष्ट

फुलपाखरू दिवसा उडते, पतंग रात्री. फुलपाखराच्या शृंगिकांच्या टोकाशी गाठ असते, पतंगाच्या नसते. हा तक्ता आपण वर्गात नेहमी लिहून देतो. तो आला कोठून?

पंखांवर खवले असणाऱ्या कीटकांचे लिनीअसने १७५८ मध्ये तीन प्रजातींत वर्गीकरण केले. पॅपिलिओ म्हणजे फुलपाखरे, स्फिंक्स म्हणजे निमुळत्या पंखांचे दणकट पतंग आणि फॅलीना म्हणजे उरलेले सगळे. पुढे एकोणिसाव्या शतकात शृंगिकांवरून दोनच विभाग रूढ झाले: गदेसारख्या शृंगिकांची फुलपाखरे व इतर शृंगिकांचे पतंग. म्हणजे पतंगांना एकत्र बांधणारी स्वतःची खूण नव्हतीच. जे फुलपाखरू नाही ते पतंग!

मध्य व दक्षिण अमेरिकेतील हेडिलिडी कुलाने ही अडचण उघडी पाडली. हे कीटक बहुधा रात्री उडतात, शृंगिका दोऱ्यासारख्या. म्हणून ते पतंगांत गणले जात. १९८६ मध्ये माल्कम स्कोबल यांनी त्यांची शरीररचना, अंडी, अळ्या व कोश तपासून ती फुलपाखरेच असल्याचे मांडले. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही त्यांचे फुलपाखरांशी नाते पक्के केले. २०२३ मध्ये सुमारे २,३०० जातींच्या जनुकांवरून दिसले, की सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी निशाचर पतंगांतूनच फुलपाखरे उत्क्रांत झाली. फुलपाखरे ही पतंगांच्या वंशवृक्षाचीच एक फांदी आहे.

तेव्हा तक्ता जरूर शिकवू या. पण तो ओळख पटवण्यासाठी आहे, नाते सांगण्यासाठी नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगू या.