फॉस्फरस निष्कासन, जैविक : तापमानाचा परिणाम

सांडपाण्यातील फॉस्फरस रसायनांऐवजी जिवाणूंकरवी काढून घेण्याच्या पद्धतीस जैविक फॉस्फरस निष्कासन म्हणतात. हवा खेळवलेल्या टाकीत वाढणाऱ्या जिवाणूंचा समूह, म्हणजेच क्रियाशील गाळ, गरजेहून जास्त फॉस्फेट शोषतो, हे बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील श्रीनाथ, शास्त्री व पिल्लई यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांच्या कामातून या गुणधर्मावर आधारलेली शुद्धीकरण केंद्रे आकारास आली.

फॉस्फेट साठवणारे जिवाणू, ज्यांत ‘अ‍ॅक्युम्युलिबॅक्टर’ हा गट प्रमुख आहे, ऑक्सिजनविरहित टाकीत असेटिक आम्लासारखी लहान मेदाम्ले पेशीत ओढून घेतात आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः पॉलिफॉस्फेटचा साठा मोडून मिळवतात. त्यामुळे तेथे फॉस्फेट पाण्यात उतरते. पुढच्या हवायुक्त टाकीत ते साठवलेले अन्न जाळून, सोडले त्याहून अधिक फॉस्फेट परत घेतात. साध्या गाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस दीड ते दोन टक्के असतो, तर या गाळात तो पाच ते सात टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. फॉस्फरसची खरी सुटका मात्र जादा गाळ बाहेर काढला तरच होते.

ऊब वाढली की जिवाणूंचे काम वाढते आणि म्हणून निष्कासनही सुधारते, ही समजूत येथे अपुरी ठरते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे ५° ते ३०° से. दरम्यान केलेल्या अल्पकालीन प्रयोगांत ऑक्सिजनविरहित टप्प्याचा वेग २०° से. ला सर्वाधिक आढळला, तर हवायुक्त टप्प्यातील क्रिया ३०° पर्यंत वेगवान होत गेल्या. थंडीत या क्रिया मंदावतात, सांडपाणी आंबून मेदाम्ले तयार होण्यासही वेळ लागतो आणि गाळ टाकीत अधिक दिवस ठेवावा लागतो. तरीही थंड पाण्यात फॉस्फरस चांगला निघाल्याच्या नोंदी आहेत. कारण वेगापेक्षा स्पर्धा निर्णायक असते. ‘कॉम्पेटिबॅक्टर’सारखे ग्लायकोजेन साठवणारे जिवाणू तीच मेदाम्ले खातात, पण जादा फॉस्फेट घेत नाहीत. सुमारे १०° से. ला ते मागे पडतात. २०° च्या आसपास निकाल आम्लतेवर आणि मेदाम्लांच्या प्रकारावर ठरतो. ३०° ला प्रयोगशाळेतील गाळात बहुधा त्यांचेच वर्चस्व होते. शिवाय उष्ण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो : गोड्या पाण्यात १०° ला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, ३०° ला सुमारे ७.५.

हा निष्कर्ष उष्ण प्रदेशांना सरसकट लावणे मात्र चूक ठरेल. गाळ कमी दिवस ठेवल्यास ३०° ला देखील फॉस्फेट साठवणारे जिवाणू टिकू शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. थंड देशांतील आकडे जसेच्या तसे उचलून महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशातील केंद्रांचा आराखडा करणे म्हणूनच सदोष होय. सिंगापूरमध्ये सांडपाण्याचे तापमान सुमारे २८° ते ३२° से. असूनही तेथील पूर्ण क्षमतेच्या केंद्रांत जैविक निष्कासन चालते.