न झोपणारा सुकाणूधारी

विक्रोळीच्या पूर्वेस कांदळवनांपलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली आहे. तेथे असो वा खुल्या समुद्रात, तांडेलाचे कसब सुकाणूवरील हाताच्या संयमावरून पारखले जाते. नवशिका मनुष्य होडी किंचित वळताच सुकाणू जोराने फिरवितो, मग ती दुसरीकडे वळते आणि पाण्यावर नागमोडी रेघ उमटते. जाणता मनुष्य थोडेच हलवितो व वेळीच सोडतो. परंतु एकट्या दर्यावर्द्याला झोप ही घ्यावीच लागते. मग हा संयम यंत्राला कसा शिकवावा?

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार रशियात जन्मलेले अभियंते निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली मांडला. कुशल सुकाणूधारी काय करतो, याचे त्यांनी निरीक्षण केले. जहाज दिशेपासून किती ढळले, एवढेच तो पाहत नाही. ते किती वेगाने वळत आहे आणि किती काळ एकाच बाजूस ओढले जात आहे, हेही तो जाणतो. 'न्यू मेक्सिको' या अमेरिकी युद्धनौकेवर या तत्त्वाची चाचणी झाली.

आजच्या विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित सुकाणूची जुळणी याच तीन गोष्टींभोवती फिरते. पहिली जुळणी ढळण्याच्या मानाने सुकाणू किती फिरवावे हे ठरविते. दुसरी, होडी परत येऊ लागताच तिला उलट सुकाणू देऊन आवरते. तिसरी वाऱ्याची सततची ओढ भरून काढते. शिवाय लाटांच्या प्रत्येक हेलकाव्याला उत्तर न देण्याचीही एक मर्यादा ठरविता येते. ती फार आखूड ठेवली, तर यंत्र अखंड धडपडते आणि बॅटरी रिकामी होते. फार सैल ठेवली, तर होडी भरकटते. मात्र शिडेच असमतोल असतील, तर कोणतीही जुळणी पुरत नाही.

या अखेरच्या सत्याची साक्ष मुंबईत बांधलेल्या एका बोटीने दिली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' येथील सुतारांनी सागवानातून घडविली आणि १९६४ साली ती पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. वाऱ्याच्या दिशेवर चालणारे तिचे पवनपाते ऑस्ट्रेलियाजवळ मोडून निकामी झाले. पुढे केप हॉर्नला वळसा घालून घरापर्यंतची प्रचंड वाट बाकी होती. शिडांचा तोल साधून, सुकाणू बांधून ठेवून ती त्यांनी पार केली. तळाच्या लांब कण्यामुळे 'सुहेली' दिशा धरून राहत असे. २२ एप्रिल १९६९ रोजी ती परतली. न थांबता एकट्याने केलेली ती जगातील पहिली प्रदक्षिणा ठरली.

त्या सफरीच्या स्मरणार्थ भरणाऱ्या २०२२ च्या शर्यतीत विजेवरील स्वयंचलित सुकाणूला मनाई होती. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून २०१३ साली मुंबईस विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण करणारे अभिलाष टॉमी तीत उतरले होते. पवनपात्याचे भाग तुटले, तेव्हा शौचालयाचे दार कापून त्यांनी नवे घडविले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा क्रमांक पटकाविला.

यंत्र झोपेच्या वेळी सुकाणू सांभाळते खरे. पण त्याला किती मोकळीक द्यावी, हे आधी जागेपणी समुद्र वाचूनच ठरवावे लागते. तांडेलाची विद्या यंत्राने संपविली नाही. ती सुकाणूवरून जुळणीच्या कळीवर आली, एवढेच.