माद्रिदचे चार दिवस आणि वर्तमानपत्रांची साक्ष

सरकारी निवेदन व वर्तमानपत्रांतील वृत्त यांचा मेळ बसेनासा झाला, कीं आपले बहुतेक वाचक एकाला खरें व दुसऱ्याला खोटें ठरवून मोकळे होतात. इतिहासाच्या अभ्यासकास ही घाई परवडत नाहीं. स्पेनमधील २००४ सालचें प्रकरण या दृष्टीनें विचार करण्यासारखें आहे.

११ मार्च रोजीं सकाळीं माद्रिदकडे येणाऱ्या चार आगगाड्यांत दहा बाँब फुटले व १९० हून अधिक माणसें प्राणास मुकलीं. निवडणूक तीन दिवसांवर होती. हें कृत्य बास्क फुटीरांच्या 'एटा' संघटनेचेंच, असें गृहमंत्री आसेबेस यांनीं दुपारींच निःशंकपणें जाहीर केलें. पंतप्रधान आस्नार यांनीं स्वतः संपादकांना दूरध्वनि केले; आणि सरकारविरोधी 'एल पाईस'नेंही जादा अंकाच्या मथळ्यांत एटाचें नांव घातलें! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा त्याच दिवशींचा ठरावही तसाच.

परंतु त्या सकाळींच आल्काला दे एनारेस येथें पोलिसांना एक मोटार सांपडली होती. तींत डिटोनेटर व कुराणपठणाची ध्वनिफीत निघाल्याचें संध्याकाळीं खुद्द गृहमंत्र्यांनाच सांगावें लागलें. लंडनच्या 'अल्-कुद्स अल्-अरबी'कडे अल्-कायदाच्या नांवें जबाबदारी घेणारें निवेदन आलें. दुसऱ्या दिवशीं एटानें 'गारा' या बास्क पत्राकडे इन्कार कळविला. तरीही पहिला संशय एटावरच, हें पालुपद सरकारनें सोडलें नाहीं.

दुपारची चूक क्षम्य मानतां येईल. पत्रेंही चुकलींच होतीं. पण त्यांच्या अंकांवर तारीख असते, आणि कोणती गोष्ट केव्हां उघड झाली हें मागाहून कोणाला बदलतां येत नाहीं. ते अंक ओळीनें मांडले, म्हणजे पुरावा एकीकडे व मंत्र्यांची खात्री दुसरीकडे कशी जात राहिली तें दिसतें. इराकांत सैन्य धाडल्याचा जाब मतदार विचारतील, हें भय त्यामागें असावें, असें मला वाटतें. १४ तारखेस सत्ताधारी पक्ष हरला.

पुढें 'एल् मुंदो' पत्रानें कित्येक वर्षें तपासांतील त्रुटी जमवून त्यांतून एटाचा हात सुचविला. शंका तीच, पण येथें मोटारीसारखी, ध्वनिफितीसारखी हाताला लागणारी वस्तु नव्हती, नुसत्या रिकाम्या जागा जोडलेल्या. न्यायालयानें ३१ ऑक्टोबर २००७ रोजीं २८ पैकीं २१ आरोपी दोषी ठरविले. एटाच्या संबंधाचा पुरावा त्यास आढळला नाहीं. 'एल् मुंदो'नें त्यानंतरही आपल्या शंका मागें घेतल्या नाहींत.