स्कॅनमध्ये न आलेली नावे

राज्यातल्या अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर ठेवले आहेत. वाळवीच्या आधी कागद गाठला, हे मोलाचे काम झाले. पण जे नाव कागदावर चढलेच नाही, ते स्कॅनमध्ये कुठून येणार?

डहाणू-तळासरीत हा प्रश्न जुना आहे. १९४५ साली किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा जमीन कसणारे ते होते आणि कागदावर नाव जमीनदाराचे होते. १९४८चा कूळ कायदा आला. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळ मालक मानले जाऊ लागले. मात्र नोंद नसलेल्याला आपण कूळ आहोत हे शाबीत करावे लागे.

वनजमिनीवर तर सातबाराही कसणाऱ्याचा नव्हता. म्हणून २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनी सरकारी कागदांसोबत शेताचे बांध, विहिरी, दफनभूमी आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाबही पुरावा मानले. २०१२च्या दुरुस्तीने स्पष्टच केले : उपग्रह प्रतिमा पूरक आहे, इतर पुराव्यांना पर्याय नाही.

तेव्हा सातबाऱ्याइतक्याच काळजीने वनहक्क दाव्यांच्या फायलीही स्कॅन व्हायला हव्यात, गाव आणि दावेदाराच्या नावाने शोधता येतील अशा. जबाब देणारी म्हातारी माणसे पुन्हा साक्षीला येणार नाहीत.