छोट्या होडीतील बैठक : फळी घरची, पाणी समुद्राचे

दापोली तालुक्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा ते वेगळे. शेजारी हर्णै बंदर, पलीकडे आंजर्ल्याची खाडी. या किनाऱ्यावरील लहान होड्या पूर्वापार लाकडाच्या, अलीकडे फायबरच्या. ॲल्युमिनियमची होडी येथे अपवादानेच आढळते. गंमत अशी की, ज्या बॉक्साइटपासून हा धातू मिळतो, ते दापोली-मंडणगड भागातील सड्यांवर, जांभ्याच्या थरातच सापडते.

अशा होडीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ती हलकी असते. दोन माणसे ती वाळूवर ओढून घेऊ शकतात. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांची तिला भीती नाही. मात्र तिची कडक, अरुंद, उन्हात तापणारी बैठक तासाभरात नकोशी होते आणि मालक सुताराकडून फळी कापून आणतो. काम दिसते अर्ध्या दिवसाचे. या प्रकारच्या होड्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकप्रिय झाल्या; विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीनेही त्या बनवल्या. त्यांत बदल करण्याच्या ज्या सूचना प्रचलित आहेत, त्यांपैकी बऱ्याचशा गोड्या पाण्याच्या तलावांसाठी आहेत. मुरुडच्या खाऱ्या पाण्यात त्या जशाच्या तशा पाळणे महागात पडू शकते.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ बैठक केवळ बसण्यासाठी नसते. पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना ती आडव्या तुळईसारखी धरून ठेवते. ती कापून काढली तर लाटेच्या माऱ्यात बाजू फाकतात, रिव्हेट सैल होतात आणि सांध्यांतून पाणी झिरपू लागते. त्यामुळे नवी फळी जुन्या बैठकीवरच बसवणे श्रेयस्कर. जागा मोकळी करण्यासाठी जुनी बैठक काढायचीच असेल, तर तेवढ्याच मजबुतीचा आडवा आधार आधी जोडून घ्यावा.

बैठकीच्या आत बहुधा फोम भरलेला असतो. होडी पाण्याने भरली तरी ती तरंगत राहते, ती याच फोममुळे. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असल्याने त्याची होडी स्वतःहून तरंगणार नाही. एक घनफूट फोम सुमारे २७ किलो भार तोलू शकतो. सामान ठेवण्यासाठी तो उपसून टाकणे म्हणजे संकटकाळचा आधार गमावणे होय. जुना फोम पाणी शोषून जड झाला असेल तर बदलावा. पण त्या जागी थर्माकोल भरताना ध्यानात ठेवावे, की पेट्रोलच्या संपर्कात थर्माकोल विरघळतो आणि मशीनची टाकी अनेकदा बैठकीजवळच असते.

उंचीचा मोह तर टाळावाच. उंच खुर्चीवरून गळ टाकणे सोपे जाते, पण माणसाचे वजन जितके वर तितकी होडी कलंडण्यास उत्सुक. मोठा मासा ओढताना माणूस एका बाजूला झुकतो, तेव्हा चार-सहा इंचांचा फरकही निर्णायक ठरतो. बैठक फार मागे घेतल्यास मशीनचे व माणसाचे वजन एकत्र येऊन नाळ वर उचलली जाते, हेही पाहावे.

खरा घात मात्र स्क्रूमुळे होतो. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले आणि त्यांवर खारे पाणी आले, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजतो. लोखंड, शिसे, पितळ, तांबे यांच्या जोडीला ॲल्युमिनियम असेल, तर झिजतो तो ॲल्युमिनियमच, म्हणजे होडीचा पत्रा. पितळी स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमून भोक मोठे होत जाते. तळाच्या पाण्यात विसरलेली तांब्याची तार किंवा जाळ्याची शिशाची गोळीदेखील त्या ठिकाणी पत्रा पोखरू शकते.

म्हणून रिव्हेट ॲल्युमिनियमचेच घ्यावेत. स्क्रू वापरायचे असल्यास ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील, खाली नायलॉनचा वायसर आणि भोकात सीलंट, असा बंदोबस्त हवा. भोके बैठकीच्या वरच्या पत्र्यालाच पाडावीत, तळाला कदापि नाही.

लाकडाच्या निवडीतही एक फसगत आहे. दुकानदार ‘आयएस ७१०’ शिक्क्याचे मरीन प्लाय पुढे करतो आणि ते उत्तमच असते. परंतु ते कुजू नये म्हणून त्यावर बहुधा तांबेयुक्त द्रव्याची प्रक्रिया केलेली असते. ओले प्लाय थेट पत्र्याला टेकले, तर ते तांबे पत्र्याला बाधते. फळीच्या सर्व कडांना रंग किंवा इपॉक्सी लावून मध्ये रबराची पट्टी घालावी. सागाची जुनी फळी मिळाल्यास अधिक चांगले. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण लवकर कुजते.

मुहूर्ताचा प्रश्नही किरकोळ नाही. पावसाळी मासेमारी बंदीत, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढलेल्या असतात आणि डागडुजीला सवड मिळते. पण त्या दमट हवेत लाकूड सुकत नाही, रंगही नीट धरत नाही. फळी कापून, रंगवून मे महिन्यातच तयार ठेवावी. बसवण्याचे काम पावसात छपराखाली करता येते.

फायबरच्या होडीत धातूची ही भानगड नसते. तेथे भोकाच्या कडा राळेने बंद करणे महत्त्वाचे, अन्यथा पाणी आतील लाकडी गाभ्यात शिरते.

बैठक बसवल्यावर पहिली फेरी ओहोटीच्या शांत वेळी, कमरेएवढ्या पाण्यात आणि जीवरक्षक जॅकेट घालूनच करावी. दोघांनी एकाच बाजूला सरकून होडी किती कलते ते पाहावे. त्यानंतर दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणे आणि महिन्यातून एकदा एखादा स्क्रू काढून पाहणे आवश्यक आहे. भोकाभोवती पांढरी भुकटी दिसली, तर ती फळी त्याच दिवशी उचलावी.