तारेतून येणारा कोळसा : प्रस्तावना

तळवड्यात कोळसा दिसत नाही. ज्योतिबानगरच्या बोळांतून हिंडले तर लेथ आणि पॉवर प्रेसचे आवाज कानावर येतात, कूलंटचा आंबूस वास येतो, गाळ्यांच्या दाराशी लोखंडी बर भरलेली पोती दिसतात. थोडे पुढे गेले की आयटी पार्कच्या काचा लागतात. कोळशाचा ढीग मात्र कुठेही नाही. त्यामुळे ‘कोळशावर उभा असलेला प्रदेश’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रपूर, बल्लारपूर, फार तर झरिया येते. तळवडे ज्यात मोडते तो पिंपरी-चिंचवड-चाकणचा पट्टा येत नाही. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना पहिली विनंती हीच, की ही समजूत दाराबाहेर ठेवून आत यावे.

भारतातल्या विजेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कोळशातून येतो. महाराष्ट्रात त्याचे मोठे केंद्र विदर्भात आहे आणि विजेची मोठी भूक पश्चिमेला. चंद्रपूरपासून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची, 1500 मेगावॅट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी 1990च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, ती याच भुकेसाठी. आता एक साधा हिशेब करू. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. ग्रिडमधल्या दर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरले, तर टनामागे चारशे किलोंहून थोडा अधिक धूर झाला. त्यासाठी जळालेला कोळसा तीनशे किलोंच्या आसपास भरतो. भोसरीच्या फाउंड्रीमालकाने कोळशाला हातही लावलेला नसतो. तो जळतो सातशे किलोमीटर पलीकडे, आणि त्याची राख पडते दुसऱ्याच कुणाच्या अंगणात.

या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास पिंपरीत 1954 साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून सांगायची पद्धत आहे. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आली, बजाज आली, आणि दोन-अडीच दशकांपासून चाकण वाढत गेले. ही गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, म्हणून ती इथे आवरती घेतो. एक तपशील तेवढा लक्षात ठेवण्याजोगा आहे. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातली वाहननिर्मिती 2007 साली थांबली, आणि 2022 साली त्याच परिसरात विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. नाव तेच, गावही तेच. गाडीच्या पोटात मात्र इंजिन नाही, सायलेन्सर नाही, कार्ब्युरेटर तर कधीच गेला. आकुर्डीच्या फाटकाआत ही नव्या उद्योगाची बातमी असते. तळवड्यात सायलेन्सरचे ब्रॅकेट नाहीतर व्हॉल्व्ह गाइड बनवणाऱ्या जॉबवर्कवाल्यासाठी तीच बातमी ऑर्डर आटण्याची असते.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. हरित उद्योगातल्या गुंतवणुकीवर जे लिहिले जाते, ते बहुतेक तंत्रज्ञानाविषयी असते: बॅटरी, हायड्रोजन, सौर पॅनल. या पट्ट्यापुरते माझे मत वेगळे आहे. इथे संधी यंत्रात अडलेली नाही, ती भाडेकरारात अडलेली आहे.

तळवड्यातला दोन हजार चौरस फुटांचा एक शेड डोळ्यांपुढे आणा. एक किलोवॅट सौर पॅनलला ढोबळ मानाने शंभर चौरस फूट जागा लागते, म्हणजे छपरावर वीस किलोवॅट बसू शकतात. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ऐंशीच्या आसपास युनिट मिळतात. छोट्या मशीन शॉपच्या दिवसपाळीचा मोठा भाग त्यावर भागतो आणि घातलेले पैसे साधारण चार-पाच वर्षांत सुटतात. कागदावर हा सौदा कुणीही करील. पण शेड भाड्याचा आहे आणि करार अकरा महिन्यांचा. छप्पर मालकाचे, वीजबिल भाडेकरूचे. मालकाला बिलाची झळ नाही म्हणून तो पैसे घालत नाही. भाडेकरूला पुढच्या वर्षाची खात्री नाही म्हणून तोही घालत नाही. मालक पूर्वीचा शेतकरी आहे. सातबाऱ्यावर चार भावांची नावे आहेत, बिगरशेतीचा कागद झालेला नाही, बांधकाम परवानगीही नाही. बँकेचा अधिकारी फाइल उघडतो आणि पहिल्याच पानावर मिटतो. 2022च्या केंद्रीय नियमांनी हरित वीज बाहेरून खरेदी करण्याची मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटवर आणली खरी, पण वीस-तीस किलोवॅट भाराचा गाळा त्याही दाराबाहेरच राहतो. चार भाऊ, एक भाडेकरू, एक बँक आणि एक वीज कंपनी या सर्वांना एका कागदावर आणणारा करार ज्या कुणाला लिहिता येईल, तो इथला खरा गुंतवणूकदार.

ही अनधिकृतपणाची गाठ निव्वळ कागदी नाही. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या बायकांचे जीव गेले. कार्बनच्या हिशेबात या घटनेला रकाना नाही. पण ज्या शेडची नोंदच कुठे नाही, तिथे ना सुरक्षेची तपासणी पोहोचते, ना स्वस्त कर्ज. या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्याने येतात, असे मला वाटते.

कुदळवाडीचेही तसेच. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतली हजारो अनधिकृत बांधकामे पाडली. त्यांत भंगाराची गोदामे फार होती. भंगार जाळण्याचा धूर आणि आगी यांनी रहिवासी त्रासलेले होते हे खरेच. पण इंडक्शन भट्टीचा कच्चा माल म्हणजे भंगार, आणि खनिजापासून नव्याने पोलाद करण्यापेक्षा भंगारापासून करण्यात कोळसा कितीतरी कमी लागतो. ज्याला आपण शहराचा उकिरडा म्हणतो, तो हरित पोलादाचा खाणपट्टा असू शकतो. त्याला नीट जागा, वर्गवारीची यंत्रे आणि प्रदूषण मंडळाची संमती मिळवून देणे ही गुंतवणूकच आहे. अशा विषयावर परिषदा भरत नाहीत एवढेच.

बाहेरून येणारा रेटाही समजून घ्यायला हवा. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन कराची पूर्वतयारी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2026 पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. त्याच्या यादीत पोलाद आणि ॲल्युमिनियम आहे, स्क्रू आणि नट-बोल्टही आहेत. पोलादाच्या बाबतीत विजेमागचा धूर त्यात तूर्त मोजला जात नाही, हे इथले सल्लागार क्वचितच सांगतात. तो मोजला जातो दुसऱ्याच तक्त्यात. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, आणि मोठ्या कंपन्यांनी हळूहळू आपल्या वेंडरांकडे युनिटांचे आकडे मागायला सुरुवात केली. पार्टीने मागितले म्हटल्यावर शेठ देणारच. कायद्याआधी पर्चेस ऑर्डर पोहोचते, ही या पट्ट्याची जुनी रीत आहे.

सार्वजनिक पैशाच्या बाजूनेही हालचाल आहे. मोशीच्या कचरा डेपोवर महापालिकेचा 14 मेगावॅटचा कचऱ्यापासून विजेचा प्रकल्प 2023 साली सुरू झाला, आणि जून 2025 मध्ये पिंपरी-चिंचवडने 200 कोटींचे हरित कर्जरोखे बाजारात आणले. तो पैसा पादचारी आणि सायकलस्वारांच्या रस्त्यांसाठी होता. रस्ते हवेतच, पण पुढचे रोखे औद्योगिक शेडांच्या छपरांसाठी का नसावेत, हा प्रश्न अभ्यासकांनी लावून धरावा.

वाहिनीचे दुसरे टोक विसरून चालणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009च्या निर्देशांकात चंद्रपूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथे होते. तिथल्या महाऔष्णिक केंद्राचे दोन जुने 210 मेगावॅटचे संच मोडीत निघाले, तरी 2920 मेगावॅट उरतातच. पुढे-मागे आणखी संच बंद होतील तेव्हा मागे जमीन राहील, पाण्याचा हक्क राहील, ग्रिडची जोडणी राहील. साठवणुकीच्या बॅटरीसाठी किंवा नव्या कारखान्यासाठी यांहून मोलाचे काही नसते. 2015च्या दुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही तिथे आहे. रुहरच्या खोऱ्यात शेवटची दगडी कोळशाची खाण 2018 साली बंद झाली, पण त्याची तयारी कित्येक दशके आधी सुरू होती. आपल्याकडे अजून तारीखच ठरलेली नाही, म्हणजे तयारीला वेळ आहे असेही म्हणता येते आणि निमित्त नाही असेही.

आणि कोळसा टाळणारी प्रत्येक वीज आपोआप न्याय्य असते असेही नाही. इथून जवळच्या मावळ-मुळशीच्या डोंगरांत पाणी अडवून टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील जलविद्युत केंद्रे 1915 ते 1927 या काळात उभी केली. ती वीज धुराविना मुंबईच्या गिरण्यांत गेली. मुळशीच्या मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली, आणि 1921 साली सत्याग्रह उभा राहिला. आता घाटात पुन्हा पाणी वर चढवून साठवण्याचे प्रकल्प आखले जात आहेत. हा इतिहास माहीत नसलेल्या गुंतवणूकदाराने निदान सेनापती बापटांना ‘सेनापती’ का म्हणतात एवढे तरी विचारून यावे.

या अभ्यासाला पुण्यात बूड आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली ती घरोघर माणसे पाठवून. ‘प्रयास’ या संस्थेने विजेच्या दरांचे आणि करारांचे कागद सामान्यांसाठी उलगडून दाखवले. एकीकडून पाहणीची चिकाटी, दुसरीकडून कागद वाचण्याची सवय, एवढे भांडवल नव्या अभ्यासकाला पुरे. बाकी इंद्रायणीकाठी बसून गुंतवणुकीवर लिहिणे तसे अवघडच. तळवड्याशेजारच्याच देहूत एका वाण्याने आपल्या वाटणीची कर्जखते याच नदीत सोडून दिली, असे परंपरा सांगते.

पुढची पाने उलटण्याआधी वाचकाने आपल्या गाळ्याचे नाहीतर घराचे वीजबिल समोर घ्यावे. स्थिर आकार आणि वहन आकार ओलांडून खाली यावे. ‘इंधन समायोजन आकार’ नावाची एक ओळ सापडेल; कधी शून्य, कधी अंगावर येणारी. कोळसा महागला की ती हलते. तळवड्यात कोळसा दिसतो तो तिथे.