स्वतःची चूक आणि संघाचा चेंडू

एडिंबरोजवळच्या लीथ येथे १७४४ साली गोल्फचे तेरा नियम लिहिले गेले. त्यांचा रोख स्पष्ट होता. चेंडू वाटेत बदलायचा नाही. हिरवळ वगळता त्याच्याभोवतीचे दगड वा हाडे हलवायची नाहीत. हरवला तर मागे जाऊन एका फटक्याचा दंड सोसायचा. आपल्या फटक्याचे फळ आपणच भोगावे, हे या खेळाचे मूळ नीतिशास्त्र.

सांघिक प्रकारांनीही ते सहजी सोडले नाही. रायडर चषकात १९२७ पासून असलेल्या फोरसममध्ये दोघे जोडीदार एकच चेंडू आळीपाळीने मारतात. एकाने झुडपात धाडलेला चेंडू दुसऱ्याला बाहेर काढावा लागतो. म्हणजे चूक वाटली जाते, पुसली जात नाही.

स्क्रॅम्बलमध्ये ती पुसली जाते. सगळे फटका मारतात, सर्वांत सोयीचा चेंडू निवडतात आणि पुढचा फटका सगळे तिथूनच मारतात. त्यामुळे नवख्याची भीती जाते. अमेरिकेत देणगी उभारणाऱ्या स्पर्धांत हा प्रकार रुळला तो यामुळेच. मात्र अडचणीतून सुटण्याचे कौशल्य कसाला लागत नाही, आणि व्यक्तीचा हँडिकॅप ठरवताना ही फटकेसंख्या धरली जात नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मोटार अपघातात टायगर वुड्सच्या उजव्या पायाला गंभीर इजा झाली. डिसेंबरमध्ये तो बारा वर्षांच्या मुलासह पीएनसी चॅम्पियनशिपमध्ये उतरला आणि ही जोडी दुसरी आली. स्पर्धा अर्थातच स्क्रॅम्बलची होती. लीथच्या कसोटीवर ते यश उणे ठरेल. पण जायबंदी बाप आणि कोवळा मुलगा यांना एका संघात खेळवण्याची सोय त्या कसोटीत नव्हती.